घोडीचा उजवा कान

आयसमनं घोडीचा उजवा कान खाजवला, तेव्हा हायरम पेटिटच्या जिवात जीव आला.

"ठीक आहे," तो म्हणाला. हातातल्या चिठ्ठीवरून त्यानं पुन्हा एकदा सावकाश नजर फिरवली, थोडे ओठ हलवले, भुवया चढवल्या आणि मग ती चिठ्ठी नावेच्या खांबाला ठोकलेल्या खिळ्यात टोचून दिली. "चल, ये वर. मागं उभा राहा, गाडीच्या बाजूला. आणि ती टोपली घोड्यांपासून लांब ठेव."

टोपलीवाला गुलाम पोरगा मान खाली घालून नावेवर चढला. मालकाची चिठ्ठी असल्याशिवाय गुलामाला मिझुरी राज्याच्या काठावरून हलता येत नसे. पलीकडच्या काठावर इलिनॉय, तिथे गुलामगिरी नाही. म्हणून अलीकडच्या नावाड्यानं चिठ्ठी वाचायची, खरी की खोटी ते ठरवायचं, आणि खिळ्यावरचा गठ्ठा दर तीन महिन्यांनी न्यायाधीशांना नेऊन दाखवायचा, असा कायदा होता. परवाना घेताना बायबलवर हात ठेवून तशी शपथ घ्यावी लागे. हायरमनंही घेतली होती.

आणि हायरम पेटिटला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

हे जगात तीन माणसांना ठाऊक होतं. एक तो स्वतः, दुसरी त्याची बायको लोव्हिना, तिसरा आयसम. आयसमला मात्र वाचता येत होतं, आणि तेही जगात मोजून चौघांनाच ठाऊक होतं. टॉलिव्हर बाईंची नजर अधू व्हायला लागली तेव्हा त्यांनी आपल्या या गुलामाला दार लावून अक्षरं शिकवली होती, रोज संध्याकाळी बायबल वाचून दाखवायला. गुलामाला शिकवणं आता गुन्हा होता. बाहेर फुटलं असतं तर बाईंना दंड झाला असता आणि आयसमच्या पाठीचं सालटं निघालं असतं. तर असं हे एकमेकांच्या हातात दिलेलं गुपित. बाईंकडून आयसमला आणि त्याच्या बायकोला दरवर्षी एक जानेवारीला करारानं घ्यायचं, त्याला नावेवर आणि तिला घरकामाला ठेवायचं, हे अकरा वर्षं चाललं होतं. नाव दोन आंधळ्या घोड्या चालवत. त्या जागच्या जागी गोल फिरत आणि त्यांच्या चालण्यानं चाक पाणी कापत असे. आयसम त्यांच्या तोंडाशी उभा राहायचा, चिठ्ठी आधी त्याच्या हातून जायची, आणि मग तो घोडीचा कान खाजवायचा. उजवा म्हणजे बरोबर. डावा म्हणजे गडबड.

अकरा वर्षांत डावा कान चार वेळा खाजवला गेला होता. एवढ्या वर्षांत खोट्या चिठ्ठ्या चारच आल्या असतील का, असा प्रश्न हायरमच्या मनात कधीमधी येई. पण तो त्यानं आयसमला कधी विचारला नाही. काही गोष्टी विचारल्या नाहीत तर सुखानं झोप लागते.

त्या शुक्रवारी मात्र ती झोप उडायची होती. दुपारच्या खेपेहून दोघं परत आले तेव्हा धक्क्यावर एक उंच टोपीवाला माणूस उभा होता. टॉलिव्हर बाई जाऊन तीन आठवडे झाले होते, आणि हा त्यांचा पुतण्या, सेंट लुईसहून आलेला प्रेस्ली टॉलिव्हर. बाई जन्मभर म्हणत आल्या होत्या की माझ्यामागं आयसम आणि त्याची बायको टेम्पी मोकळी, मी लिहून ठेवलंय. पण घरभर शोधूनही तसला कागद कुणाला मिळाला नव्हता.

"पेटिट तुम्हीच ना?" प्रेस्ली म्हणाला. "हा आमचा माणूस तुमच्याकडं नाताळपर्यंत आहे, ठाऊक आहे मला. पण सोमवारी एक व्यापारी येतोय, दक्षिणेला माल नेणारा. त्याला हा द्यायचाय. त्याची बायको मी ठेवून घेतो, स्वयंपाक बरा करते म्हणतात. तुम्हाला नाताळपर्यंत दुसरा धडधाकट माणूस पाठवतो. काही अडचण नाही ना?"

आयसम चार हातांवर घोडीचा पट्टा सोडत होता. त्याचे हात थांबले नाहीत.

"नाही," हायरम म्हणाला. "अडचण कसली."

आता दुसरं काय म्हणणार होता तो? माल ज्याचा त्याचा. त्याच्या बापानं त्याला हेच शिकवलं होतं, चर्चमध्येही दर रविवारी हेच कानावर पडे. दुसऱ्याचा बैल सोडून देणारा चोर, तर दुसऱ्याचा माणूस सोडून देणारा महाचोर. हायरमला त्यात कधी शंका आली नव्हती. तरीही "अडचण कसली" हे शब्द तोंडातून सुटले आणि त्याचं तोंड कडू झालं ते झालंच.

पुतण्या गेल्यावर तो उगीचच दोर गुंडाळत बसला. गुंडाळलेला दोर परत सोडला, परत गुंडाळला.

"कुजलाय तो," आयसम म्हणाला. "नवा लागेल."

"तू ऐकलंस?"

"मी बहिरा कुठं आहे? घोड्या आंधळ्या आहेत, पण त्यांनीसुद्धा ऐकलं."

"आयसम, माझ्या हातात काही नाही रे."

"मी कुठं म्हटलं आहे म्हणून." त्यानं घोडीच्या मानेवर थाप मारली. "बाईंचा हात माझ्या हाताखाली होता, हायरम. बायबलवर. आयसम, तू मोकळा, म्हणाल्या. मी त्यांना रोज वाचून दाखवायचो, कुठल्या पानावर काय आहे ते मला तोंडपाठ. आणि मी गाढव, हे लिहिलेलं एकदा दाखवा म्हणायचं सुचलं नाही मला."

एवढं बोलून तो दाणा आणायला गेला. चारचौघांत तो हायरमला 'मालक' म्हणायचा, दोघंच असले की 'हायरम'. लहानपणापासून असंच होतं. टॉलिव्हर बाईंचं शेत आणि पेटिटांचा धक्का यांच्यामधे एक कुंपण, आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी एकाच वयाची दोन पोरं. वाळूच्या बेटावर जाऊन कासवांची अंडी उकरायची, ती तिथंच उकडून खायची, मासे धरायचे. अकरा वर्षांचे असताना त्या दोघांनी हायरमच्या बापाची होडी न विचारता सोडली आणि भोवऱ्यात घालवली. जीव वाचले, होडी गेली. बाप काठी घेऊन उभा राहिला तेव्हा हायरम म्हणाला, आयसमनं सोडली. खरं तर गाठ त्यानंच सोडली होती. आयसमला वीस फटके बसले. हायरम कुंपणाला धरून उभा होता, पण त्यानं तोंड उघडलं नाही. आयसमनंही नाही. तेव्हापासून आजवर, चाळिशी आली दोघांची, पण त्या होडीबद्दल एकदाही कुणी बोललं नव्हतं.

त्या रात्री हायरम कुशीवर वळत राहिला. लोव्हिना शेवटी वैतागून म्हणाली, "खाटेला काटे फुटलेत का? पडून राहा नाहीतर बाहेर तरी जा."

"टेम्पी कशी आहे?"

"कशी असणार. दिवसभर कपडे धुतले. सगळे धुऊन झाले तर धुतलेलेच परत धुवायला घेतले." थोड्या वेळानं ती म्हणाली, "नाताळपर्यंत करार आहे, नाही म्हणता आलं असतं तुला."

"मग नाताळनंतर नेला असता."

"दोन महिने तर मिळाले असते त्यांना."

तो खरोखरच उठला आणि घोड्या बघायला गेला, आणि घोड्यांना काहीही झालेलं नव्हतं.

शनिवारी बाजार. सकाळपासून खेपांवर खेपा. दुपारच्या खेपेला बिगरस्टाफ आपली भोपळ्यांची गाडी घेऊन चढला. हा मोठा शेतकरी, चर्चमधला मानकरी, आणि दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय ते आधी बघणारा. नाव सुटायच्या बेतात असताना टेम्पी धक्क्यावर आली. अंगावर ठेवणीतली शाल, हातात गाठोडं. ती चढली आणि घोड्यांच्या पलीकडे, आयसमच्या जवळ जाऊन उभी राहिली. हायरमला काही कळेना. लोव्हिना घराच्या दारात उभी होती. तिनं हात वर केला नाही, हाकही मारली नाही, नुसती बघत राहिली.

"काय पेटिट," बिगरस्टाफ म्हणाला, "दुसऱ्यांच्या गुलामांना चिठ्ठी, आणि तुझ्या घरच्यांना मुभा वाटतं?"

"आहे की चिठ्ठी, मालक," आयसम म्हणाला. त्यानं सदऱ्यातून घडी घातलेला कागद काढला आणि पुढे केला.

हायरमनं तो उघडला. सवयीनं भुवया चढवल्या, ओठ हलवले. मग सवयीनंच आयसमच्या हाताकडे बघितलं.

आयसमचे दोन्ही हात खाली होते. उजव्या कानाकडे गेले नाहीत, डाव्या कानाकडेही गेले नाहीत. घोडीनं मान झटकली, कान हलवले, जणू तीच वाट बघत होती. आयसम सरळ हायरमकडे बघत उभा राहिला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो काहीच सांगत नव्हता.

कागदावर चार ओळी होत्या. त्या ओळी त्याला नदीवरच्या किड्यांसारख्या दिसत, कधी जुळल्या नाहीत, आजही जुळेनात. पण खाली, एकट्या सुट्या ओळीत, त्याला काहीतरी ओळखीचं दिसलं. आधी दोन खांब आणि मधे आडवी फळी. मग एकटा खांब. आणि शेवटच्या शब्दात शेजारी शेजारी दोन टी, दोन्हींवर मिळून एकच लांब आडवी रेघ.

ते त्याचं स्वतःचं नाव होतं.

तीन हिवाळ्यांमागं नदी गोठली तेव्हा नाव दोन महिने बंद होती. वेळ जाता जाईना, तेव्हा आयसमनं कोळशाच्या तुकड्यानं नावेच्या फळीवर त्याला स्वतःचं नाव काढायला शिकवलं होतं. बाकी अक्षरं हायरमच्या डोक्यात शिरली नाहीत, हातात तर नाहीच नाही. पण नाव जमलं. त्या दोन टींशी तो रोज अडायचा. कुठल्या टीवर कुठली रेघ, गोंधळ व्हायचा. शेवटी आयसम म्हणाला, "हे बघ, या आपल्या दोन घोड्या. दोघींच्या मानेवर एकच दांडा टाकायचा. झालं." मग जमलं. दोघं त्यावर खूप हसले होते. आणि नदी वितळली तसा हायरम लाजून गप्प बसला. लोव्हिनालासुद्धा त्यानं हे सांगितलं नाही. चाळिशीच्या माणसानं पोरासारखं नाव गिरवलं, हे काय सांगायचं?

करारानं घेतलेल्या गुलामाला करार असेपर्यंत चिठ्ठी देण्याचा हक्क नावाड्याला होता. सोमवारपर्यंत आयसम आणि टेम्पी त्याच्याकडे करारानं होते. म्हणजे ही चिठ्ठी हायरम पेटिटची होती, आणि हायरम पेटिटला ती ठाऊक नव्हती.

आधी त्याला संताप आला. मला न विचारता माझं नाव घातलं. माझं नाव, माझा परवाना, माझं घर. विचारलं असतं तर? विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, हे त्याला त्याच क्षणी कळलं, आणि आयसमला ते आधीच ठाऊक होतं, हेही.

"काय रे," बिगरस्टाफ म्हणाला, "एवढं काय लिहिलंय त्यात? स्तोत्र आहे की काय?"

नाही म्हणायला एक शब्द पुरे होता. डावा कान खाजवला गेलाय असं समजायचं, कागद चुरगाळायचा, दोघांना खाली उतरवायचं. चोरी झाली नसती. सोमवारी व्यापारी आला असता, टेम्पी सेंट लुईसला गेली असती, आयसम दक्षिणेला. आणि कायद्यानं कुणी हायरमच्या नखाला धक्का लावला नसता.

"वाचायचं काय त्यात," हायरम म्हणाला. "मीच लिहिलीय." त्यानं कागद खिळ्यात टोचला. पहिल्यांदा खिळा चुकला, दोनदा टोचावा लागला. "दोर आणायला पाठवतोय पलीकडं. कुजलाय आपला."

"आणि बाई कशाला?"

"लोव्हिनाला कापड हवंय. मला काय कळतंय कापडातलं."

बिगरस्टाफ हसला. नाव सुटली. ती खेप रोजच्याएवढीच लांब होती, पण हायरमला ती संपता संपेना, आणि मग एकदम संपली. पलीकडच्या धक्क्यावर बिगरस्टाफची गाडी उतरली, बाजारची माणसं उतरली. टेम्पी उतरली. ती मागं न बघता रस्त्याला लागली. आयसमनं घोडीचा लगाम हायरमच्या हातात दिला.

"मालक, डावी घोडी मागचा पाय जपतेय. नाल बघून घ्या."

"बघतो."

"आणि वाऱ्यात उजवीकडं जोर द्या, तिथं वाळू साचलीय."

"मला शिकवू नकोस," हायरम म्हणाला. आणि मग त्याला राहवलं नाही. "दोर जाड आण."

"आणतो," आयसम म्हणाला. त्यानं घोडीचा उजवा कान खाजवला, चांगला वेळ खाजवला, आणि उतरला.

त्यानंतर हायरमचा पाय एका जागी ठरला नाही. परतीची खेप एकट्यानं आणताना नाव दोनदा वाळूत रुतली. रविवारी चर्चमध्ये उपदेशकांनी दहा आज्ञा वाचल्या, चोरी करू नकोस, खोटी साक्ष देऊ नकोस, आणि हायरमला वाटलं की सगळा बाक आपल्याकडेच बघतोय. आपण पाप केलंय, याबद्दल त्याला शंका नव्हती. त्याला फक्त हे कळत नव्हतं की या पापाचा पश्चात्ताप का होत नाही. तो बाहेर येऊन झाडाखाली येरझारा घालत राहिला. घरी आला, कुंपण दुरुस्त करायला घेतलं, ते मोडलेलं नव्हतं. लोव्हिना खिडकीतून बघत होती. टेम्पीचं नाव तिनं काढलं नाही. कापडाचं तर नाहीच.

सोमवारी प्रेस्ली व्यापाऱ्याला घेऊन आला. दोर आणायला गेलाय, आज येईल, हायरमनं सांगितलं. चिठ्ठी दाखवली. चिठ्ठी रीतसर होती, त्यामुळे त्यांनी संध्याकाळपर्यंत वाट बघितली. मंगळवारी दुपारपर्यंतही बघितली. मग प्रेस्लीचा आवाज चढला.

बुधवारी न्यायाधीश नेस्बिट यांच्या बैठकीत अर्धं गाव जमलं होतं. नेस्बिट म्हातारे होते, शांत होते, सगळ्यांना नावानिशी ओळखत होते. समोर टेबलावर ती चिठ्ठी. लोव्हिना मागच्या बाकावर.

"हायरम," न्यायाधीश म्हणाले, "दोनच गोष्टी शक्य आहेत. एक तर ही तू लिहिलीस, नाहीतर त्यानं लिहिली."

"साहेब, मी बोलू?" प्रेस्ली उठला. आज तो गोड बोलत होता. "पेटिट, मी गावात चौकशी केलीय. बिगरस्टाफ म्हणतात, चर्चमध्ये तुमचं स्तोत्रांचं पुस्तक कायम एकाच पानावर उघडं असतं. लाज कसली त्यात? निम्म्या नदीकाठाला वाचता येत नाही. तुम्ही एवढंच सांगा की मला लिहितावाचता येत नाही, त्या काळ्यानं मला फसवलं. विषय संपला. मी आजच जाहिरात काढतो, गुलाम लिहू शकतो, खोट्या चिठ्ठ्या करतो. उत्तरेला प्रत्येक शहरात स्वार पाठवतो. मग त्यानं कुठलाही कागद दाखवला तरी कुणी विश्वास ठेवणार नाही. चार दिवसांत परत येईल तो."

"आणि तसं असेल," नेस्बिट म्हणाले, "तर हायरम, तुझा परवानाही मी काढून घेणार नाही. वाचणारा माणूस ठेवावा लागेल, एवढंच. पण तूच लिहिली असशील, तर दुसऱ्याची दोन माणसं तुझ्या बेफिकिरीनं गेली. परवाना जाईल, त्यासाठी भरलेला जामीन जाईल, परवान्याबरोबरचं धक्क्यावरचं घरही सोडावं लागेल. नीट विचार करून बोल."

एवढं सोपं करून ठेवलं होतं त्यांनी. आयसमनंच सोपं करून ठेवलं होतं, हे हायरमला आता समजलं. त्यानं मुद्दाम हायरमच्या नावानं लिहिलं होतं, कारण हायरमला तर लिहिता येत नाही. खरं बोलला की सुटला. आयसमनं स्वतःला पुढं करून त्याच्यासाठी मागचं दार उघडं ठेवलं होतं. होडीच्या वेळेसारखंच. आयसमनं सोडली, एवढंच म्हणायचं.

या खेपेला तर ते खरंही होतं.

त्यानं मागं वळून लोव्हिनाकडे बघितलं. घर तिचंही होतं. पंधरा वर्षं तिनं त्या परसात भाज्या लावल्या होत्या. तिनं मांडीवरच्या हातांकडे बघितलं, मग वर बघितलं आणि पापणीही हलवली नाही.

"मी लिहिली," हायरम म्हणाला.

"तुम्हाला लिहिता येतं?" प्रेस्लीनं विचारलं.

"मग काय माझ्या घोड्यांना येतं?"

बाकांवर खसखस पिकली. नेस्बिट हसले नाहीत. त्यांनी कारकुनाला त्याची जबानी उतरवायला लावली, कागद फिरवला आणि लेखणी पुढं केली.

"मग सही कर. नावानं. फुली चालणार नाही."

बिगरस्टाफ बघायला पुढं सरकला. हायरमनं लेखणी धरली. कोळशापेक्षा ती फारच बारीक होती, बोटांत राहीना. त्यानं ती मुठीत पक्की धरली. दोन खांब. मधे आडवी फळी. एकटा खांब. शाईचा एक थेंब पडला. कपाळावरचा घाम नाकावर आला, तो त्यानं पुसला नाही. पुढच्या अक्षराला आयसमनं काय म्हटलं होतं? पोट आलेला माणूस, एक पाय पुढं टाकलेला. मग तंबू. मग दोन डोंगर. कारकून खाकरला. हायरमनं वर बघितलं नाही. दुसरा शब्द. शेवटी दोन घोड्या, शेजारी शेजारी. लेखणी उचलून त्यानं दोघींच्या मानेवर एकच लांब दांडा टाकला, मग राहिलेला खांब, मग शेवटची एकटी घोडी.

नेस्बिटांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. बोट त्या लांब रेघेवर ठेवलं. आधी एका कागदावर, मग दुसऱ्यावर.

"हात एकच आहे," ते म्हणाले. "अक्षर वाईट आलंय, पण वळण तेच. टीवरची रेघ अशी मी जन्मात दुसऱ्या कुणाची बघितली नाही."

गुलामाला लिहिता येतं, हे प्रेस्लीला आता जाहिरातीत घालता येणार नव्हतं. चाळिशीचा गुलाम, डाव्या भुवईवर व्रण, सोबत बायको, एवढंच. असे उत्तरेला शेकड्यानं होते. न्यायाधीशांनी परवाना रद्द केला, जामीन जप्त केला आणि महिनाअखेरपर्यंत घर सोडायला सांगितलं. वर एवढं म्हणाले, "हायरम, तू मूर्ख आहेस, चोर नाहीस, असं मी धरून चालतो." हायरम म्हणाला, "आभारी आहे."

दोघं घरी आले. लोव्हिनानं मक्याची भाकरी आणि थंड मांस पुढं ठेवलं, आणि आपण समोर बसली. मग म्हणाली, "कुणी शिकवलं?"

"आयसमनं. नदी गोठली होती तेव्हा."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"नावच येतं फक्त. बाकी काही नाही."

ती भाकरीचा तुकडा हातात धरून बसली. "माझं येतं?"

हायरमनं नकारार्थी मान हलवली. "तुझं या हिवाळ्यात शिकवणार होता."

पलीकडच्या काठावर कुणीतरी शिंग फुंकलं. नाव बोलवायची तीच खूण होती, तीन लांब फुंका. हायरम अर्धवट उठला, मग त्याच्या लक्षात आलं आणि तो परत बसला. घोड्यांनी तबेल्यात कान टवकारले असतील. शिंग पुन्हा वाजलं, आणि थोड्या वेळानं थांबलं.